चिनी थिओडोलाइट आणि दोह्याचं ऊन

रस्ता सरळ आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. डोळा लबाड असतो, त्याला बरं वाटेल ते दाखवतो. म्हणून रस्ता आखणारा माणूस तिपाईवर एक दुर्बीण बसवतो आणि तिच्यातून कोन मोजतो. त्या दुर्बिणीचं नाव थिओडोलाइट. कुठे रस्त्याचं काम चाललं असेल तर वाकून एक डोळा मिटून उभा असलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. तो सर्व्हेयर. मी सर्व्हेयर नव्हे. त्याचं यंत्र बिघडलं की ते ज्याच्याकडे यायचं तो मी.

या यंत्रात काचेची एक गोल तबकडी असते आणि तिच्यावर केसापेक्षा बारीक रेघा असतात. अंशाचे साठ मिनिट आणि मिनिटाचे साठ सेकंद, अशी ती विभागणी. चांगलं यंत्र एका सेकंदापर्यंत कोन सांगतं. एका सेकंदाची चूक म्हणजे किलोमीटरभर अंतरावर ज्वारीच्या दाण्याएवढा फरक. त्या दाण्यावर माझं पोट होतं.

नाशिकला पाटबंधारे खात्याच्या वर्कशॉपात मी हे काम शिकलो. माझे उस्ताद जुन्या यंत्रांच्या भिंगापुढची फुली कोळ्याच्या तंतूने बांधायचे. त्यासाठी त्यांनी खोक्यात कोळी पाळले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी दोह्याला गेलो, तेव्हा घरी बायको सुमन आणि दीड वर्षांची वैशाली होती. माझी कंपनी युरोपातल्या एका नामांकित कारखान्याची एजंट होती. पुढे दुकान, मागे वर्कशॉप, वर्कशॉपात एसी, आणि त्या एसीत मी एकटा.

तेव्हाचं दोहा म्हणजे जिकडे पाहावं तिकडे आखणी. मदिनत खलीफात व्हिलांच्या रांगा उभ्या राहत होत्या, अल दुहैलकडे खांब रोवले जात होते आणि अबू हमूरच्या पुढे नुसतं रान होतं. प्रत्येक साइटवर यंत्र, आणि प्रत्येक यंत्रात धूळ. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते, बंद पेटीतही शिरते. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकाने धूळ जावी म्हणून अख्खं यंत्र साबणाच्या पाण्यात बुडवून धुतलं आणि वर मला विचारलं, "आता आतून धुकं का दिसतंय?"

माझे डोळे उघडले ते एका इजिप्शियन सर्व्हेयरमुळे. त्याचं यंत्र दर आठवड्याला माझ्याकडे यायचं. मी तपासायचो, एकदम बरोबर निघायचं. तो परत न्यायचा, दोन दिवसांनी पुन्हा दारात.

"दुपारी हे खोटं बोलतं," तो म्हणायचा.

मला वाटायचं हाच खोटं बोलतोय. शेवटी एका दुपारी मी त्याच्याबरोबर साइटवर गेलो. यंत्र उन्हात इतकं तापलं होतं की हात लावल्यावर चटका बसला. कोन घेतला तर खरंच पंधरा सेकंदांनी चुकला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी एसीत बसून ज्या यंत्राला पास म्हणतो ते माझ्या खोलीतलं यंत्र असतं. साइटवरचं यंत्र वेगळं.

त्यानंतर मी माझी एक पद्धत काढली. दुरुस्त झालेलं यंत्र तीन तास गच्चीवर उन्हात ठेवायचं, मग घोंगडीत गुंडाळून खाली आणायचं, म्हणजे जिन्यात निवत नाही. वर्कशॉपात नेम धरायला भिंतीत पक्क्या बसवलेल्या दोन नळ्या होत्या, त्यांच्यामधला कोन ठरलेला. तो कोन तापलेल्या यंत्राने लगेच मोजायचा. पंचेचाळीस डिग्रीत घोंगडी घेऊन जिना उतरणारा माणूस पाहून शेजारचे दुकानदार हसायचे. पण या घोंगडीने मला बरंच शिकवलं. मूळ दोष ग्रीसचा होता. यंत्राचा आस ज्या ग्रीसवर फिरतो ते थंड देशांसाठी बनवलेलं असतं. इथल्या उन्हात ते पातळ होतं, आस किंचित डुलतो, ग्रीस बाहेर सरकतं आणि त्याच्या जागी धूळ आत येते. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटमधल्या व्हॉल्व्हचं ग्रीस मी घड्याळाच्या तेलात थोडं सैल करून वापरून पाहिलं. त्याचं प्रमाण बसवायला मला दोन उन्हाळे लागले. आसाभोवती नमद्याची, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीची, एक कडी बसवली तर धूळ अडते, हेही तिथेच समजलं.

हे सगळं मी लिहून काढलं. मनात आलं, हे परक्यांना कशाला, आपल्याकडेही यंत्रं बनतात. भारतातल्या एका कारखान्याला मी चार पानी पत्र पाठवलं, आकृत्यांसकट. दोन महिन्यांनी उत्तर आलं. पाकिटात त्यांचा छापील कॅटलॉग आणि दरपत्रक होतं. त्यांना वाटलं असावं मला यंत्र विकत घ्यायचं आहे. तो कॅटलॉग मी बरेच दिवस टेबलावर ठेवला होता. राग आला होता असं नाही. घरी कुणी नसताना दार वाजवून परत यावं तसं वाटलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अबू हमूरच्या पलीकडे एका रस्त्याचं काम चिनी कंपनीला मिळालं. एका सकाळी आमच्या दुकानात दोन चिनी माणसं आली. एक तरुण दुभाषा होता. दुसरा पन्नाशीचा, बारीक, जाड चष्म्याचा, निळ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याने एक हिरवी लोखंडी पेटी लहान मूल ठेवावं तशी काउंटरवर ठेवली. त्याचं नाव लियांग.

पेटीत चिनी बनावटीचा थिओडोलाइट होता. मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या यंत्रापेक्षा दीडपट जड, रंग जाडाभरडा, पण स्क्रू फिरवला तर लोण्यासारखा फिरला. रस्त्यावर देखरेख करणाऱ्या कन्सल्टंटने सांगितलं होतं की हे यंत्र चालणार नाही. चालवायचंच असेल तर दोह्यातल्या मान्यताप्राप्त वर्कशॉपचं सर्टिफिकेट आणा. असं वर्कशॉप एकच होतं, माझं.

आमचे मॅनेजर कुरियन. केरळचे, मितभाषी, माणूस वाईट नव्हता. ती मंडळी गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

"शिंदे, हे नापास झालं तर त्यांना आपली तीन यंत्रं घ्यावी लागतील."

"तपासतो, साहेब."

"तपास की. मी कुठे नको म्हणतो? आणि तुझ्या ग्रेडचा कागद मी वर पाठवतोय, या महिन्यात होऊन जाईल."

त्या ग्रेडची मी बारा वर्षं वाट पाहत होतो. ती मिळाली की फॅमिली व्हिसा, म्हणजे सुमन आणि वैशाली माझ्याजवळ. सुमनला मी पत्राने कळवलंही होतं. वैशाली तेव्हा आठवीत होती. दोन वर्षांतून एकदा मला पाहायची आणि पहिले चार दिवस माझ्याशी बोलताना आईकडे बघायची.

चिनी यंत्र मी खोलीत तपासलं. दोन्ही बाजूंनी कोन घेतले, सहा-सहा वेळा. पास. पुन्हा घेतले, पुन्हा पास, सेकंदाच्या आत. इथेच थांबलो असतो तर चाललं असतं, नियमात तेवढंच होतं. पण मी यंत्र उचललं आणि गच्चीवर नेलं.

तीन तासांनी घोंगडीत आणलेलं ते यंत्र बावीस सेकंदांनी चुकलं.

लियांग दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी त्याला आकडे दाखवले. वाटलं, चिडेल. आमच्या कंपनीचा स्वार्थ सगळ्या बाजारालाच ठाऊक होता. पण त्याने कागद दोनदा वाचला आणि खिशातून वही काढली. दुभाषा बोलणार तोच त्याला हाताने थांबवून तो स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "पुन्हा. मी पाहतो."

मी त्याला गच्चीवर नेलं. तीन तास तो यंत्राशेजारी उन्हात बसून राहिला. सावलीत ये म्हणालो तर म्हणाला, "ते बसलं आहे, मी पण बसतो." खाली येऊन कोन घेतला, चोवीस सेकंद चूक. त्याने आकडा वहीत लिहिला आणि त्याचा चेहरा उजळला. नापास झाल्यावर एवढं आनंदलेलं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आमच्याकडे बर्फात तपासतात," तो म्हणाला. "वीस वर्षं बर्फात. ऊन कुणी विचारलं नाही."

मी नापास लिहून सही केली. कुरियन खूश झाले.

शुक्रवारी मला सुट्टी. त्या शुक्रवारी लियांग मला शोधत आमच्या खोलीवर आला. आम्ही साताऱ्या-सांगलीकडचे पाच जण एकत्र राहायचो. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "का? फक्त सांग, का." दुरुस्ती करून दे असं तो म्हणाला नाही. चूक का होते तेवढंच त्याला हवं होतं.

मी विचारात पडलो. एजन्सीने मला युरोपात सहा आठवडे शिकायला पाठवलं होतं. तिथलं काही दुसऱ्या कारखानदाराला सांगणार नाही अशी माझी लेखी हमी होती. पण ग्रीस, नमद्याची कडी, घोंगडी, यातलं काही मला युरोपने शिकवलं नव्हतं. ते माझं होतं, आणि बारा वर्षांत ते मला कुणी विचारलं नव्हतं.

मी चप्पल घातली आणि त्याच्या कॅम्पवर गेलो.

पुढचे चार शुक्रवार आम्ही त्या पत्र्याच्या खोलीत घालवले. लियांग नुसता यंत्र सांभाळणारा नव्हता. ज्या कारखान्यात ते बनलं तिथे त्याने उमेदीची वर्षं घालवली होती. शब्दकोश उघडून, चित्रं काढून, हातवारे करून त्याने मला हकिगत सांगितली. तो विशीत असताना कारखान्यात परदेशी तज्ज्ञ होते. एके दिवशी ते निघून गेले आणि नकाशेही घेऊन गेले. मागे एकच तयार यंत्र राहिलं. तीस जणांनी ते खोललं. प्रत्येक स्क्रू मोजला, प्रत्येक भिंग तोललं, आणि पुन्हा जोडलं तर चालेना. अकरा महिने चालेना.

"मग?"

"मग चाललं. वाईट चाललं," तो म्हणाला. "दुसरं थोडं कमी वाईट." आणि हसला. त्याचा एक दात पडलेला होता.

मी त्याला ग्रीस दाखवलं, प्रमाण सांगितलं. नमदा मात्र माझ्याकडे नव्हता, वर्कशॉपातला कंपनीचा, त्याला मी हात लावणार नव्हतो. लियांगने पलंगाखालची पेटी ओढली आणि आतून लोकरी नमद्याचे बुटात घालायचे तळवे काढले, नवेकोरे. त्याच्या बायकोने दिले होते. तिला फक्त माहीत होतं की नवरा लांब चाललाय, आणि तिच्या लेखी लांब म्हणजे थंडी.

त्याने ते थोडा वेळ हातात धरले, मग माझ्यापुढे केले. "काप," म्हणाला.

मी एका तळव्यातून कडी कापली. दुसरा मी त्याला परत पेटीत ठेवायला लावला.

त्या शुक्रवारांमध्ये आम्ही घरच्याबद्दल फारसं बोललो नाही, तेवढी भाषाच नव्हती. एकदा त्याने मुलीचा फोटो दाखवला, मी वैशालीचा दाखवला. त्याने विचारलं, "किती?" मला वाटलं मुलीचं वय विचारतोय. त्याला विचारायचं होतं, पाहून किती झालं. मी बोटांनी सांगितलं, वीस महिने. त्याने स्वतःची तीन बोटं वर केली आणि म्हणाला, "वर्ष."

महिन्याभराने यंत्र रीतसर फेरतपासणीला आलं. तीन तास ऊन, घोंगडी, नळ्या. चूक दोन सेकंद, म्हणजे नियमात. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, पुन्हा दोन. मी पास लिहिलं, सही केली आणि कागद कुरियनसाहेबांपुढे ठेवला.

त्यांनी तो बराच वेळ वाचला.

"दुरुस्ती कुणी केली?"

"त्यांनीच, साहेब. मी दाखवलं."

"आपलं काही दिलंस?"

"कंपनीचं काही नाही. माझं होतं ते सांगितलं."

"ते मला माहीत आहे," कुरियन म्हणाले, "म्हणूनच तुझी नोकरी शाबूत आहे." त्यांनी सर्टिफिकेटवर शिक्का मारला, त्यात कसूर केली नाही. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "तीन यंत्रांचा सौदा गेला, शिंदे. वर मला उत्तर द्यायचं आहे. तुझा ग्रेडचा कागद आता मी पुढे रेटू शकत नाही. यंदा खलास."

ते 'यंदा' पुढे कधीच संपलं नाही.

सुमनला मी लिहिलं, व्हिसाचं काम झालं नाही, इकडचे नियम बदललेत. नियम बदलले नव्हते. माझ्या हातून लिहिली गेलेली ती एकच खोटी ओळ, आणि तिच्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. तिचं उत्तर आलं, तब्येतीला जपा, वैशालीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. त्याखेरीज काही नव्हतं.

सव्वा वर्ष गेलं. एका सकाळी लियांग पुन्हा काउंटरवर आला. आता दुभाषा नव्हता, त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच झालं होतं. त्याने नवीन पेटी ठेवली. "उघड," म्हणाला.

मी यंत्र उघडलं. आसाभोवती एक खाच कोरलेली होती आणि खाचेत नमद्याची कडी, कारखान्यात बसवलेली. मी त्याच्या वहीत काढून दाखवली होती तिथेच, केसभरही इकडेतिकडे नाही. ग्रीस वेगळं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी तिकडे उन्हाळी खोली बांधली होती, भट्टीसारखी, आणि आता प्रत्येक यंत्र तिच्यातून बाहेर पडत होतं. माझ्या घोंगडीची जागा खोलीने घेतली होती.

"वहीची सगळी पानं वाचली कारखान्यात," लियांग म्हणाला. "मोठ्याने. सगळ्यांसमोर. मग म्हणाले, त्या माणसाला नेऊन दाखव."

मी थंड पाण्याच्या यंत्रापाशी गेलो आणि एक ग्लास पाणी प्यायलो, मग दुसरा. परत आलो आणि कामाच्या आवाजात म्हणालो, "फोकसचा स्क्रू घट्ट आहे. घामाच्या बोटांनी फिरणार नाही."

लियांगने लगेच वही काढली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांचा रस्ता संपला आणि ती सगळी माणसं गेली. जाताना लियांग दुकानात आला. माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "शिन-दे, तू कारखान्यात ये. एकदा." मी इन्शाल्ला म्हणालो. तिथे राहून तेच तोंडात बसलं होतं. त्याने पत्ता चिनी अक्षरांत लिहून दिला. मी त्या अक्षरांवरून पाहून पाहून दोन पाकिटांवर तो उतरवला आणि पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. माझी अक्षरं कुणाला वाचता आली की नाही, देव जाणे.

आज चीनने अमुक बनवलं, तमुक बनवलं अशा बातम्या येतात. कुणी म्हणतं चोरलं, कुणी म्हणतं नक्कल केली. असेलही, मला राजकारण कळत नाही. मला तीन तास उन्हात बसलेला एक माणूस माहीत आहे, आणि नापास झाल्यावर वही उघडणारा कारखाना माहीत आहे. आपल्या देशाचं एखादं यंत्र बघतो तेव्हा मात्र ते कॅटलॉगचं पाकीट आठवतं. ती चार पानं इथे कुणीतरी मोठ्याने वाचायला हवी होती. इथे तर मी ती मराठीत लिहिली असती तरी चाललं असतं.

निवृत्त होऊन मी गावी आलो, वैशालीचं लग्न झालं, ती पुण्यात असते. मागच्या वर्षी एका सकाळी सुमन तांदूळ निवडत बसली होती. टीव्हीवर चीनबद्दल काहीतरी चालू होतं. मी आवाज बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. लियांग, गच्ची, नमदा, कुरियन, ग्रेडचा कागद. शेवटी म्हणालो, "नियम बदलले नव्हते."

तिने तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत. म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मीही म्हणाले असते, सांगा त्याला. पण तुम्ही विचारलंच नाही. ते सांगायचं माझं राहून गेलं."

मी टीव्ही बंद केला.

"घर कुठे मिळणार होतं?" तिने विचारलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुरियननी ग्रेडचं नाव काढलं त्याच आठवड्यात मी मदिनत खलीफात एक जागा पाहून आलो होतो. एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्या. मालकाने कुलूप उघडून दिलं, मी स्वयंपाकघरात उभा राहून आलो होतो.

"कसं होतं?"

"ओटा बुटका होता. नळाला पाणी छान होतं."

"खिडकी?"

"होती. ओट्यावरच."

"काय दिसायचं तिच्यातून?"

"तेव्हा काहीच नाही," मी म्हणालो. "नुसती मोकळी जमीन. लांब एक पाण्याची टाकी."

सुमनने ताट गुडघ्यावरून खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चाललं असतं मला," ती म्हणाली.